भ्यायचा पगार

गार्डसाहेब नसते तर मी आज हे लिहायला नसतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण जे घडलं ते सांगायला लागलो की माझा जीव घाबरा होतो आणि मुख्य माणूसच सांगायचा राहून जातो. त्यांचं खरं नाव मिलमध्ये कुणी घेत नव्हतं, मीही इथं घेत नाही. रेल्वेत गार्डाची नोकरी करून नांदेडहून रिटायर झालेला माणूस, एवढी ओळख पुरे. आता रेल्वेत गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. त्यांना कुणी चेष्टेनं तसं म्हणालं की ते भडकायचे. "मॅनेजर हापिसात बसतो. म्या शेवटच्या डब्यात बसून मागं बघत व्हतो," असं म्हणायचे.

मी किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचा. नववीत शाळा सोडली. पुढं काही वर्षं गावातच दुसऱ्याच्या शेतात राबलो आणि लग्न झाल्यावर मामाच्या ओळखीनं लातूरला डाळ मिलमध्ये लागलो. आमच्याकडून लातूरला यायचं म्हणजे बस बदलता बदलता दिवस मोडतो. आई आणि बायको गावी, मी मिलच्या मागच्या खोलीत. मला पहिल्यापासून सगळ्याचीच धास्ती. रात्री फोन वाजला तर धास्ती, नाही वाजला तर आणखी धास्ती. त्यात काम मिळालं ते खड्ड्याचं.

खड्डा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. डाळ मिलमध्ये तूर खालून वरच्या मजल्यावर न्यायला एलिव्हेटर असतो. माणसांची लिफ्ट नव्हे. उभा लोखंडी पाइप, आत पट्टा, पट्ट्याला लोखंडी डबे. डबे खालून तूर उचलतात आणि वर नेऊन ओततात. त्याचं खालचं तोंड जमिनीखाली खड्ड्यात असतं. तिथं तूर, भुसा, सुतळीचे तुकडे साचून ते चोंदतं. मग एकानं खड्ड्यात उतरायचं, बाजूचं छोटं झाकण खोलायचं आणि खांद्यापर्यंत हात आत घालून सगळं उकरून काढायचं. तो एक म्हणजे मी. अंगानं बारीक होतो ना. घरी मात्र सांगितलं होतं की पोती शिवायचं काम आहे.

हे काम कधी करायचं, तर लाईट गेली की. आमच्याकडं तशीच रीत होती. लाईट गेली रे गेली की बालाजी मिस्त्री ओरडायचे, "चला, तेवढ्यात खड्डा साफ करून घ्या!" मिस्त्री म्हणजे मिलच्या मशिनी चालवणारा माणूस. चांगले होते, पण घाईचे होते. चालू मशीन बंद करून साफसफाई केली तर माल थांबतो, शेठजी ओरडतात. लाईट गेली तर कुणाच्या बापाचं काय जातं? लाईट नाही म्हणजे मशीन मेलेलं, असं आम्ही सगळेच धरून चालायचो.

आणि त्यात एक गंमत होती. लाईट परत आल्यावर स्टार्टरचं हिरवं बटण दाबावं लागतं, तेव्हाच मोटर चालू होते. स्टार्टरची खोली दुसऱ्या टोकाला. घडीघडीला कोण पळणार? म्हणून बटणात काडी खोसून ठेवलेली. लाईट आली की मोटर आपोआप चालू. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण गावाकडं विहिरीवरच्या मोटरीला असंच करतात. रात्री-बेरात्री कधीही लाईट येते, मोटर आपली आपण चालू होते, पाणी पिकाला लागतं, माणूस घरी झोपलेला असतो. मी स्वतः दुसऱ्यांच्या विहिरींवर हे बघत मोठा झालो. मिलमधले सगळे असेच शेतावरून आलेले. शेतातली अक्कल आम्ही जशीच्या तशी मिलमध्ये आणली होती. फरक एवढाच की विहिरीच्या मोटरीत कुणी हात घालून बसलेलं नसतं.

अशा मिलमध्ये गार्डसाहेब आले. डाळ घेणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली होती की सेफ्टी बघायला वेगळा माणूस पाहिजे. गार्डसाहेब शेठजींच्या व्याह्यांच्या ओळखीतले. शेठजींना वाटलं असेल, पेन्शनर माणूस, भिंतीवर पोस्टर चिकटवील, टोप्या वाटील आणि खुर्चीवर डुलक्या घेईल.

पहिल्याच दिवशी पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि चकाकणारे काळे बूट घालून आले. डाळ मिलमध्ये भुसा असा उडतो की दुपारपर्यंत माणूस हळदीच्या अंगाचा दिसतो. हे घडीघडीला गेटबाहेर जाऊन बूट पुसून यायचे. गळ्यात शिट्टी. काखेत लाल आणि हिरवी झेंडी गुंडाळलेली. ट्रक मागं घ्यायचा असला की हे लाल झेंडी धरून मागं उभे. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारायचे, "काका, इंजिन कुठंय तुमचं?" हे ढिम्म हलायचे नाहीत. लाल झेंडी उतरून हिरवी दिसेपर्यंत ट्रकही हलायचा नाही.

माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहायची नाहीत. पहिल्या भेटीत गाव विचारायचे आणि पुढं तेच नाव. मी झालो इस्लापूर. बालाजी मिस्त्री औशाचे, ते औसा. पोती उचलणारे दस्तगीरभाई झाले उदगीर.

"ए उदगीर, थप्पीवर चप्पल घालून चढू नको!"

"साहेब, अख्ख्या उदगीरला कशाला शिव्या देऊन राहिले? मी एकटाच चढलोय."

"खाली ये आधी, मंग बोल."

मला एकदा म्हणाले, "इस्लापूर, तुझं गाव म्या किती येळा पाहिलंय माहीत हाय का? किनवटच्या लाईनीवर ड्यूटी व्हती. डब्यातून हात केला की तिकडची पोरं बी हात करायची. त्यात तू बी असशील." मी असेन की नसेन, कुणास ठाऊक. पण त्या परक्या गावात कुणीतरी माझं गाव बघितलेलं आहे, एवढ्यानंच मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

त्यांचा भित्रेपणा मात्र हद्दीबाहेरचा होता. पंख्याखाली बसायचे नाहीत, आधी वरचा हुक बघायचे. रिक्षात बसले की ड्रायव्हरला "डाव्या अंगाला क्लियर" म्हणून सांगत राहायचे. बालाजी मिस्त्रींच्या पुतणीचं लग्न औशाला होतं, तिथं आम्ही सगळे गेलो. मंडपात शिरताच साहेबांनी खांब हलवून बघायला सुरुवात केली. मग गॅसच्या शेगड्या बघितल्या. मग जनरेटरच्या वायरी. नवरदेवाकडचा एक माणूस येऊन मिस्त्रींना विचारतो, "हे कोण, लाईट खात्याचे हायत का?" मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "न्हाई हो पाव्हणं, आमच्याच मिलचं दुखणं हाय." साहेबांनी जनरेटरजवळ वाळूची बादली आणवली, तेव्हाच खाली बसले. त्या लग्नात काहीही झालं नाही. ना खांब पडला, ना वायर जळाली. त्यांची शंभरातली नव्याण्णव भीती अशीच फुकट जायची. येताना जीपमध्ये मिस्त्री खूप लागट बोलले.

"साहेब, तुमच्या गाडीला कधी ॲक्सिडेंट झाला व्हता का?"

"न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

"एकदा बी न्हाई."

"मंग येवढं कशाला भेता?"

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला भ्यायचाच पगार हाय, औसा. माझ्या वाट्याचं म्या भितो. तुमी निस्तं ऐकत जा."

ते वाक्य पुढं मिलमध्ये चेष्टेला सापडलं. महिनाअखेरीला दस्तगीरभाई विचारायचे, "साहेब, भ्यायचा पगार झाला का?" मी हसायचो, पण मला ते मनातून पटायचं. मी तर फुकटच भीत होतो.

काडीवरून त्यांचं आणि मिस्त्रींचं रोज भांडण. हे काडी काढून खिशात टाकायचे, मिस्त्री दुसरी खोसायचे. शेवटी साहेबांनी वेगळीच युक्ती काढली. त्यांच्या जुन्या लाईनीवर म्हणे एकच रूळ असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना तोच. म्हणून स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हातात एक गोळा द्यायचा. गोळा हातात असेल तरच गाडी पुढं जायची. गोळा एकच, त्यामुळं समोरून दुसरी गाडी यायचा प्रश्नच नाही. तसाच गोळा त्यांनी आमच्या खड्ड्याला लावला. एलिव्हेटरच्या मोटरचे तीन फ्यूज, पांढऱ्या चिनीमातीचे. खड्ड्यात उतरायच्या आधी ते स्वतः जाऊन तिन्ही काढायचे, लाल कापडाच्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी माझ्या खांद्याला अडकवायचे. एरवी ती रिकामी पिशवी स्टार्टरच्या खोलीबाहेर एका खिळ्यावर टांगलेली असायची.

"ध्यान दे. पिशवी तुझ्या खांद्यावर हाय तवर हे मशीन चालू करायची कुणाची टाप न्हाई. लाईट येऊ दे, काडी राहू दे, शेठ येऊ दे. आन् औसा, तू बी ऐक. खिळा रिकामा दिसला म्हंजे आत माणूस हाय."

खरं सांगतो, ती पिशवी खांद्याला लागली आणि पहिल्यांदा मी खड्ड्यात बसून नीट श्वास घेतला. त्याआधी वर कुणी जोरात पाऊल टाकलं तरी मी काम टाकून वर बघायचो.

पण साहेबांचा त्यांच्या स्वतःच्या पिशवीवरही विश्वास नव्हता. पिशवी देऊनही ते खड्ड्याच्या काठावर पायरीवर बसून राहायचे आणि मधेच शिट्टी वाजवायचे. शिट्टी वाजली की दोन्ही हात बाहेर काढून वर करायचे. का, कशाला, विचारायचं नाही. मुठीत कचरा असला तरी सोडून द्यायचा. हात बाहेर आले नाहीत तर त्या दिवशी खड्डा बंद, जाऊन पोती शिव. माझा वेळ जायचा, काम दुप्पट लांबायचं. वरून मिस्त्री बोंबलायचे, "अहो, साफ करायला घातलाय का कवायत करायला?" एकदा मी कुरकुरलो, "साहेब, फ्यूज तर माझ्याजवळ आहेत. मग शिट्टी कशाला?"

"मला कंटाळा आला म्हणून. तू हात काढ."

हळूहळू असं झालं की शिट्टी कानावर पडायची आणि हात माझ्या आधी बाहेर यायचे.

आता त्यांची जी चूक झाली ती सांगतो. त्यांनी ती कधी लपवली नाही, म्हणून मीही लपवत नाही. एकदा खड्डा साफ झाला आणि मी पिशवी त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात त्यांना नांदेडहून मुलाचा फोन आला, नातू दवाखान्यात आहे म्हणून. साहेब तसेच निघाले, मिळाली ती बस धरली. पिशवी त्यांच्या काखेत, झेंड्यांबरोबर. इकडं लाईट आली आणि मिल बंद. मिस्त्रींनी फोन लावला तर साहेब म्हणतात, "अरे देवा, म्या तर लोह्याच्या पुढं आलो." शेठजींनी त्या दिवशी मिस्त्रींना सगळ्यांसमोर फार वाईट बोल लावले. बाजारातून फ्यूज आणून मिल चालू व्हायला संध्याकाळ झाली. मिस्त्रींनी तेव्हाच आणखी तीन फ्यूज जास्तीचे घेतले आणि स्टार्टरच्या खोलीत ग्रीसच्या डब्यामागं ठेवून दिले. त्यात कपट काही नव्हतं. पुन्हा साहेबांनी पिशवी नेली तर शिव्या खाव्या लागू नयेत, एवढंच. साहेबांना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

तो दिवस दुपारचा. आवक जोरात होती, गेटपर्यंत ट्रक लागलेले. लाईट गेली. मिस्त्री काट्यावर ट्रकचं वजन बघायला गेले होते. साहेबांनी फ्यूज काढले, पिशवी माझ्या खांद्याला लावली आणि आम्ही दोघं खड्ड्याकडं गेलो. त्या दिवशी फारच चोंदलं होतं. मी झाकण खोललं, लोखंडी खुरपं घेतलं आणि दोन्ही हात आत घातले. साहेब पायरीवर. तिथं बसलेला माणूस वरून दिसत नाही.

तेवढ्यात मिस्त्री काट्यावरून परत आले. त्यांनी खिळा बघितला. रिकामा. साहेब दिसेनात. दस्तगीरभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "मघाशी गेटकडं होते बाबा, बूट पुसत." झालं. मिस्त्रींना वाटलं, म्हातारा परत पिशवी घेऊन गेला. ट्रकवाले डोक्यावर बसलेले, शेठजी हापिसात आलेले. त्यांनी डब्यामागचे तीन फ्यूज काढले आणि बसवले. काडी बटणात होतीच.

हे सगळं मला नंतर कळलं. मी आपला खाली निवांत. खांद्याला पिशवी, आत तीन फ्यूज एकमेकांवर खुळखुळतायत. उलट मला बरं वाटत होतं. हाताला सुतळीचा मोठा गोळा लागला होता, तो निघाला की मोकळं होणार होतं. तो ओढतच होतो, अगदी निघायच्या बेतात, आणि शिट्टी वाजली.

मनात आलं, आत्ताच वाजवायची होती का यांना. मनात हे येईपर्यंत हात बाहेर आलेले होते. खुरपं आत राहिलं. मी हात वर करून, तोंड वाकडं करून साहेबांकडं बघत होतो. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात वरची ट्यूब चमकली आणि माझ्या तोंडापुढं डबे धावायला लागले.

तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. आधी खुरपं डब्यात अडकलं, पाइपावर आपटत वर गेलं, मग कुठंतरी वाकून अडकलं आणि पट्टा किंचाळला. मी मागच्या भिंतीला चिकटलेलो. माझा हात आपोआप पिशवीवर गेला. फ्यूज आत होते. तिन्ही. मशीन चालू होतं आणि त्याचे फ्यूज माझ्या खांद्याला होते. मला वाटलं, मी मेलोय आणि हे मेल्यावरचं काहीतरी दिसतंय.

साहेबांनी दंडाला धरून मला वर ओढलं. त्या म्हाताऱ्या अंगात एवढं बळ कुठून आलं, कळलं नाही. वर येताच त्यांनी पिशवी उघडून आत बघितलं. मग लाल झेंडी उघडून स्टार्टरच्या खोलीकडं पळत सुटले. पट्टा किंचाळला तसं मिस्त्रींनी बटण बंद केलं होतं आणि ते दारातच उभे होते. साहेबांच्या मागं भुशानं माखलेला, खांद्याला पिशवी घेतलेला मी त्यांना दिसलो. ते तिथल्या तिथं खाली बसले, आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द पुन्हा पुन्हा, "आत व्हतास? तू आत व्हतास?"

शेठजी धावत आले. "काय झालं? कुणाला लागलं?"

"न्हाई लागलं, शेठजी," दस्तगीरभाई म्हणाले.

"लागलं नाही ना? मग खुरपं काढा आणि चालू करा. ट्रक उभे आहेत."

"चालू न्हाई करायचं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "आधी चौकशी व्हायला पाहिजे. गुन्हेगार म्या हाय."

"साहेब, फ्यूज म्या बसिवले," मिस्त्री खालूनच म्हणाले.

"तू गप. खिळा रिकामा म्हंजे आत माणूस हाय, हे म्याच शिकिवलं. आन् म्याच ती पिशवी नांदेडला नेली. त्या दिवसापासून रिकाम्या खिळ्याचे दोन अर्थ झाले. मंग ह्यानं कोणता धरायचा?"

शेठजींना यातलं काही समजलं नसावं. ते एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले आणि हापिसात निघून गेले. खुरपं निघालं तेव्हा ते कणकेसारखं पिळलेलं होतं. मी ते हातात घेतलं नाही.

संध्याकाळी साहेब गेटजवळच्या नळावर तोंड धूत होते. मी त्यांच्या पायाला हात लावला आणि दिवसभर जे विचारायचं होतं ते विचारलं. "साहेब, तुम्हाला कसं कळलं? मिस्त्री फ्यूज लावताना दिसले का? आवाज आला का?"

साहेबांनी तोंड पुसून टॉवेल खांद्यावर टाकला.

"खरं सांगू का, इस्लापूर? मला काहीच कळलं नव्हतं. लई येळ झाला वाजिवली न्हाई, म्हणून वाजिवली. रोजच्यावानी."

मला वाटलं होतं की ते काहीतरी सांगतील, कान टवकारले, जीव कसनुसा झाला, तसलं काही. मग मलाही धीर आला असता की यांना आधी कळतं. पण तसं काही नव्हतंच. एका माणसाची कंटाळवाणी सवय, बाकी काही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती शिट्टी त्यांनी एक घोट चहा पिऊन मग वाजवली असती तर? पूर्वी माझी कुरकुर ऐकून ती सवयच सोडून दिली असती तर? आजही हा विचार आला की मी उठून बसतो.

दुसऱ्या दिवशी साहेब वेळेवर आले, पण गेटच्या आत पाऊल टाकेनात. बूट चकाकत होते, गळ्यात शिट्टी नव्हती, काखेत झेंड्या नव्हत्या. बाहेर वॉचमनच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "रेल्वेत गार्डाची चूक झाली की चौकशी होईस्तोवर ड्यूटी न्हाई. म्या सस्पेंड हाय."

शेठजी स्वतः बाहेर आले. "अहो साहेब, कुणी केलं सस्पेंड?"

"म्या केलं."

"मग चौकशी कोण करणार?"

"तुमी करा."

"मला काय येतं चौकशीतलं? तुमची चूक नाही, जा, झाली चौकशी."

"अशी नसती होत, शेठ. साक्षीदार लागतात."

शेठजी हात जोडून आत गेले. साहेब रोज यायचे, स्टुलावर बसायचे, डबा बाहेरच खायचे आणि मिल सुटली की जायचे. ट्रकवाले विचारायचे, "काका, आज झेंडी न्हाई?" ते फक्त मान हलवायचे. दस्तगीरभाई आतून चहा घेऊन जायचे आणि शेजारी उकिडवे बसायचे. "चला की साहेब आत. पाया पडून राहिलेत पोरं तुमच्या. चेष्टा नक्को, कसम से." साहेब चहा प्यायचे, पण उठायचे नाहीत. बालाजी मिस्त्रींनी एके दिवशी ते जास्तीचे तीन फ्यूज गेटबाहेर आणले, त्यांच्यासमोर दगडावर ठेवले आणि हातोडीनं त्यांचा भुगा केला. साहेबांनी तो पायानं सारून बघितला आणि एवढंच म्हणाले, "बरं झालं." तरी आत आले नाहीत. शेवटी नांदेडहून मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला.

त्यांच्या जागी शेठजींनी दुसरा माणूस ठेवला नाही. पोस्टरं आहेत. पिशवी आहे, आणि मिस्त्री आता तिला देवासारखं जपतात. पण शिट्टी वाजवायला कुणी नाही. नवी पोरं लागलीत, खड्ड्यात आता तीही उतरतात. त्यांना हे सगळं गोष्टीतलं वाटतं. मिस्त्री मला म्हणतात, "तू वाजीव की. तुझ्याइतकं कुणाला ठावं हाय?" पण मी नववीतून सुटलेला माणूस. चार जणांपुढं बोलायची वेळ आली की मी मागं सरकतो. पोरं हसतील, शेठजी म्हणतील काम लांबतंय, नोकरी गेली तर गावी काय सांगू? माझं हे असं. उलट, शिट्टीनं माझीच पंचाईत केली आहे. गावी गेलो आणि बायकोच्या कुकरची शिट्टी झाली की हातातला घास खाली पडतो. ती हसते. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

परवा बुद्ध पौर्णिमेला गावी जाताना नांदेडला उतरलो आणि साहेबांच्या घरी गेलो. मुलाचं घर रेल्वे लाईनीपासून लांब नाही, गाडी गेली की खिडकीच्या काचा वाजतात. साहेब खूप वाळलेत. सून म्हणाली, कधीकधी घरच्यांनासुद्धा ओळखत नाहीत. मी दारात उभा राहिलो, ते डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, "इस्लापूर." 

"हात दाखव."

मी हात पुढं केले. त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले, एकेक बोट धरून हलवलं, नखं बघितली. सून लाजून आत गेली. बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शिट्टी कोण वाजिवतं आता?"

"कुणीच नाही, साहेब."

ते रागावले नाहीत. माझे हात सोडलेही नाहीत. "बाकीच्यांचे?"

"सगळ्यांचे आहेत, साहेब. धड आहेत."

"तू म्हणतूस. म्या कुठं बघितलेत?"

त्यांची मान तेवढ्यात खाली गेली, झोप लागली असावी. मी हळूच हात सोडवून घेतले आणि गावची बस धरली. गावाहून लातूरला परतताना नांदेडच्या बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानातून शिट्टी घेतली. बसमध्ये खिशातल्या खिशात ती धरून बसलो होतो. सोमवारी पहिल्यांदा वाजवली. माझीच फुंक अडली, आवाज फुसका निघाला आणि पोरं पोट धरून हसली. एकानं हात बाहेर काढले नाहीत. मी त्याला पोती शिवायला पाठवलं. 

गार्डसाहेब, तुमचं मी फेडीन. आत्ता नाही, मला अजून नीट जमत नाही आणि भीतीही गेलेली नाही. पण एक दिवस जीप करून आमच्या खड्ड्यात उतरणाऱ्या सगळ्यांना मी नांदेडला घेऊन येईन आणि तुमच्यापुढं रांगेत बसवीन. तुम्ही एकेकाचे हात उलटेसुलटे करून बघा, बोटं हलवून बघा. आणि त्यात एका पोराचं एक बोट जरी कमी निघालं, तर मला त्या दारातून आत घेऊ नका.